पाऊण तासाचा दगड

गेलं वर्षभर मी किल्ल्यावर गेलेलो नाही. सकाळी जेटीवर जातो, होडीत चढणाऱ्यांना टोप्या आणि मोबाइल सांभाळायला सांगतो, होडी सुटली की घरी येतो. सव्वीस वर्षं लोकांना किल्ला दाखवणारा माणूस आता तो लांबूनच का बघतो, असं गावात सगळे विचारतात. मी गुडघ्यावर हात ठेवतो. या अंकाच्या संपादकांनाही गुडघाच दाखवला होता. ते म्हणाले, "मग आता वेळ आहे तर धंद्याचे अनुभव लिहा." लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की अनुभव लिहायचे तर गुडघ्याचं खरं कारण सांगावं लागणार. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

मी मालवणात गाइडचं काम केलं. बाहेरच्यांना वाटतं, या धंद्याला इतिहास यावा लागतो. इतिहास थोडा लागतो. त्याहून जास्त भरती-ओहोटी लागते, वारा लागतो आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कुठला मासा तळायला किती वेळ घेतो, हे माहीत असावं लागतं.

किल्ल्यात मी पदरचं एक अक्षर कधी सांगितलं नाही. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांना सगळं आधीच पाठ असतं. एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर दहा जण दुरुस्त करतात आणि अकरावा भांडायला उठतो. त्यामुळे किल्ल्यात मी अत्यंत सचोटीचा माणूस होतो. अडचण सुरू व्हायची ती किल्ल्यावरून परत आल्यावर.

साडेबाराला होडी जेटीला लागते. माणसं उन्हाने लाल झालेली असतात, खाऱ्या वाऱ्याने भुकेलेली असतात. त्यांना घेऊन मी माईच्या खानावळीत जायचो. माईची खानावळ म्हणजे तिच्या घराची पडवी, सहा टेबलं आणि आत चूल. माईचा एक नियम होता. गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती मासा मसाल्यात घालत नसे. फोन केलेला तिला चालत नसे. "फोनार सांगणारो माणूस येयतच असां नाय," असं ती म्हणायची. माणसं मोजायची, मग मासे घ्यायची, मग वाटप, म्हणजे खोबऱ्याचं वाटण, काढायची, मग तवा. दारात पाय ठेवल्यापासून ताट पुढे यायला बरोबर पाऊण तास लागायचा. तिची सुरमई खाल्ल्यावर या पाऊण तासाबद्दल कोणी तक्रार करत नसे, पण खायच्या आधी सगळेच करायचे. भुकेलेला माणूस टेबलाशी बसवला की तो पाच मिनिटांत बायकोवर चिडतो आणि दहा मिनिटांत गाइडवर.

म्हणून मी बाजारफेरी काढली. माईच्या दारात माणसं मोजून द्यायची आणि लगेच त्यांना बाहेर काढून पाऊण तास बाजारपेठेतून फिरवायचं. जुनी कौलारू दुकानं, खाजा तळणारी कढई, होड्यांची दोरखंडं विकणारं दुकान, जांभ्याची विहीर. पुढे लोक याला 'शहराचा इतिहास पायी फिरून' वगैरे म्हणायला लागले, मोबाइलवर तारे द्यायला लागले. माझ्या दृष्टीने ती सुरमई तळायला लागणारी वेळ होती.

गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची भेटली. एका गृहस्थांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "समुद्र किती वाजता बंद होतो?" मी म्हटलं, "सहाला." ते साडेपाचला धापा टाकत किनाऱ्यावर आले आणि वेळेत पोचल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. एक कुटुंब रेल्वेने समुद्रापासून कितीतरी कोस आत नांदगावला उतरलं आणि स्टेशनवरून मला फोन करून म्हणालं, "आम्हाला किल्ला दिसत नाहीये." एका बाईंना बिनकाट्याचा, बिनवासाचा आणि शक्यतो मासा नसलेला मासा हवा होता. माईने त्यांना काजूची उसळ वाढली. त्यांनी घरी जाऊन मालवणच्या माशांची फार तारीफ केली.

आता दगडाकडे येतो.

बाजारपेठेच्या टोकाला, जिथून रस्ता बंदराकडे उतरतो, तिथे एका बंद दुकानाच्या वळचणीला एक काळा दगड होता. गुडघाभर उंच, वर खोलगट खळगा. आमच्याकडे सगळा जांभा, तांबडा. त्यात हा काळा दगड उठून दिसायचा. त्याच्या बाजूला शेवंती वयनी, म्हणजे सगळ्या गावाची वहिनी, मासे घेऊन बसायची. सकाळी लिलावातून पाटी भरून आणायची, दुपारपर्यंत विकायची. मासळी बाजारात तिची जागा नव्हती. तिची जागा हीच. तिच्या लग्नापासून ती तिथे बसत होती, आणि तिच्याकडून घेणारे लोक न विचारता तिथे यायचे. दगडाच्या खळग्यात ती पाणी ठेवायची आणि मासे कापलेला कोयता त्यात बुडवून धुवायची. घरात अंथरुणाला खिळलेली एक नणंद आणि ही. त्या पाटीवर दोघी जगत होत्या.

वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी माईकडचा गॅस संपला आणि ओल्या लाकडांनी चूल पेटेना. तिने निरोप पाठवला, आणखी वीस मिनिटं फिरव. बाजारपेठ संपली होती. खाजा दोनदा चाखवून झाला होता. साताऱ्याकडचे चौदा जण माझ्या तोंडाकडे बघत उभे होते आणि समोर तो दगड होता.

मी तोंड उघडलं आणि गोष्ट बाहेर आली. हा काळा दगड परमुलखातून एका जहाजाच्या पोटात वजनाला म्हणून आला. जहाज इथे फुटलं, दगड राहिला. पुढे समुद्रात जाणारा प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, निघण्यापूर्वी या खळग्यात हात घालून शपथ घ्यायचा, की खलाशांचा वाटा बुडवणार नाही. खळग्यात हात घालून जो खोटं बोलला, तो समुद्रातून परत आला नाही.

शेवंती वयनी ऐकत होती. तिने खळग्यातलं पाणी ओतून टाकलं आणि पाटी जरा बाजूला घेतली, म्हणजे लोकांना फोटो काढता यावेत. त्या मंडळींपैकी एका बाईने विचारलं, "मावशी, खरंय का हो हे?" वयनी म्हणाली, "सांगतत तसां." ते खोटं नव्हतं. मी सांगतच होतो.

दुसऱ्या दिवशी गॅस होता. तरी मी दगडापाशी थांबलो. गोष्ट लोकांना आवडली होती आणि खरं सांगायचं तर मलाही आवडली होती. किल्ल्यात इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलत आलो, हे माझं स्वतःचं होतं. हळूहळू मी ती सुधारली. खोटं बोललेल्या एका तांडेलाला नाव दिलं, मग त्याला बायको दिली, मग ती बायको किनाऱ्यावर वाट बघत बसायला लागली. सोलकढी पिताना लोक त्या बायकोबद्दल हळहळायचे. मी स्वतः मात्र त्या खळग्यात कधी हात घातला नाही. कारण विचाराल तर त्यात बांगड्याचं पाणी असायचं.

नवरा-बायकोंना त्या दगडाचं विशेष आकर्षण. बायका नवऱ्यांना हात घालायला लावायच्या. कोल्हापूरच्या एका सद्गृहस्थांनी हात मागे घेतला, तर त्या दोघांनी आख्खं जेवण एकमेकांशी न बोलता केलं. बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता, की मला फक्त माशाच्या पाण्याची किळस आली. एकदा सांगलीकडचा एक पाथरवट आला होता. जन्मभर पाटे, जाती, रगडे घडवलेला माणूस. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा तो खाली बसला, खळग्यातून बोट फिरवलं आणि मला म्हणाला, "गाइड, हे टाकीनं खोदलेलं नाही. झिजलंय. आणि एकाच बाजूनं झिजलंय." तेवढ्यात माईकडून ताटं वाढल्याचा निरोप आला आणि मी सगळ्यांना हाकत नेलं. त्याचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही.

बाहेरच्यांनी विश्वास ठेवला त्याचं मला काही वाटत नव्हतं. ते संध्याकाळी गाडीत बसून जातात. पण मग मोबाइलवर दगडाचे व्हिडिओ फिरले आणि ते आमच्याच लोकांनी बघितले. एका सकाळी खळग्यात जास्वंदीचं फूल दिसलं. आठवड्याने नारळ फुटला. एका रापणकराचं जाळं कोणीतरी कापलं होतं, त्याने संशयित माणसाला दगडापाशी बोलावलं. तो माणूस दगडापर्यंत आलाच नाही, वाटेतच कबूल झाला. त्यानंतर मसुऱ्याचे दोन भाऊ काजूच्या बागेच्या बांधावरून अकरा वर्षं भांडत होते ते आले, दोघांनी आळीपाळीने हात घातला, आणि थोरला म्हणाला, "बांध मीच सरकवलंय." दोघं एकाच मोटारसायकलवरून घरी गेले. हे मी कोपऱ्यावरून बघत होतो. त्या वेळी जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण दोघं भाऊ रडत होते आणि मला बरं वाटत होतं.

मागच्या वर्षी कार्तिकात गावातली सुशोभीकरण समिती दगडापाशी पोचली. कठडा करायचा, फरशी घालायची, बोर्ड लावायचा असं ठरलं. बोर्डाचा मजकूर लिहून द्यायला मला सांगितलं आणि मी तो दिला. तांडेलाच्या बायकोसकट. मग समितीच्या असं लक्षात आलं, की एवढ्या जागृत ठिकाणी बाजूला मासे कापणं शोभत नाही. शेवंती वयनीला मासळी बाजारात आत, शेवटच्या टोकाला, सुक्या मासळीच्या मागे जागा दिली. तिथे जाणारा माणूस एक तर सुकी मासळी घ्यायला गेलेला असतो किंवा चुकलेला असतो.

पंधरा दिवसांनी दुपारी ती माझ्या घरी आली. पडवीच्या पायरीवर पाटी ठेवली. पाटी अर्धी भरलेली होती आणि मासे मऊ पडले होते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एवढं चालून आली होती. मी पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"बाबल, तुझो धोंडो घे आणि माझी जागा माका दी."

मी म्हटलं, "वयनी, तां समितीन केल्यान. मी काय करू?"

"समितीक कोणी सांगल्यान?"

मी पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्याकडे सरकवला.

"तो माझ्या सासूचो रगडो, रे. कड फुटली म्हणान भायर काढलेलो. तू तेचो देव केलंस आणि माका थयसून उठयलंस." मग ती हळू आवाजात म्हणाली, "वीस वर्सां तू माणसां घेवन इलंस काय मी पाटी बाजूक घेतलंय. एकदा तरी विचारलंस, वयनी, बाजूक होतंस मां?"

विचारलं नव्हतं. एकदाही नाही. सव्वीस वर्षं मी अनोळखी माणसांना उन्हात टोपी घाला, पायाखाली बघा, पाणी प्या असं सांगत आलो, आणि जिच्या जागेवर उभं राहून सांगत होतो तिला एकदा विचारावं असं मला वाटलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. अर्धी भरलेली पाटी जड असते, कारण ती परत न्यायची असते.

मी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते घरीच होते. त्यांना सगळं सांगितलं. ते ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलले, "म्हणजे आपलं म्हणणं असं, की ही दंतकथा खरी नाही."

"मीच रचलेली आहे."

"याला काही पुरावा?"

"मी रचली, याला?"

"हो. असं कोणीही येऊन म्हणेल."

माझ्याकडे पुरावा नव्हता. गोष्ट खरी असल्याचे पुरावे मात्र त्यांच्याकडे बरेच होते. वर्तमानपत्रातलं कात्रण, तीन व्हिडिओ आणि मसुऱ्याचे दोन भाऊ. बोर्डावर अक्षरंही चढली होती. अध्यक्षांनी मला चहा दिला आणि उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसायला सांगितलं.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कुठल्याही कामाला आरंभ करताना गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी नारळ हातात घेऊन उभा राहतो आणि गावच्या देवांना, सीमेवरच्या राखणदारांना एकेकाचं नाव घेऊन साकडं घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा एखाद्या झाडाचं, दगडाचं, पाणवठ्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं, की विषय संपला. मग तो दगड हलत नाही, त्याच्यावर कोणी शंका घेत नाही आणि पुढच्या प्रत्येक गाऱ्हाण्यात त्याचं नाव येत राहतं. समितीचा ठराव बदलता येतो, कोर्टाचा निकाल फिरतो. गाऱ्हाणं मागे घेतल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. दगडाच्या उद्घाटनाला गाऱ्हाणं घालायला आबा येणार होते, आमच्या गावचे सर्वांत जुने मानकरी. म्हणजे मला जे बोलायचं ते आबांनी तोंड उघडायच्या आत बोलायला हवं होतं.

पौषातली सकाळ, दहाची वेळ. कठड्याला झेंडूच्या माळा, बोर्डावर कापड, दोनेकशे माणसं. मसुऱ्याचे भाऊ आले होते, नवीन शर्ट घालून. माई खानावळ बंद ठेवून आली होती. शेवंती वयनी रस्त्यापलीकडे पाटी घेऊन उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

आबांनी डोक्याला फेटा बांधला, नारळ घेतला, डोळे मिटले. मी उठलो.

"आबानू, गाऱ्हाण्याच्या आदी माका बोलूचा आसा."

आबांनी एक डोळा उघडला. "नंतर बोल."

"नंतर उपेग नाय."

गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलणं म्हणजे आमच्याकडे लग्नात आडवं झोपण्यासारखं. माणसं कुजबुजायला लागली. मी कठडा ओलांडला आणि विचार न करता खळग्यात हात घातला. गर्दीसमोर उभं राहून त्या दगडापाशी बोलायची वीस वर्षांची सवय, हात कुठेतरी ठेवायला हवा होता. पाणी नव्हतं. खळगा कोरडा आणि उन्हाने गरम झाला होता. त्या दगडापाशी मी कायम पुस्तकी मराठीत बोललो होतो. त्या दिवशी तोंडातून आपोआप घरची भाषा आली.

"ह्यो धोंडो जहाजातसून कोणी हाडूक नाय," मी म्हटलं. "हयसर कोणी तांडेलान सपत घेवक नाय. ती गोष्ट मी रचलंय. माईची थाळी होवक येळ लागता म्हणान रचलंय. ह्यो शेवंती वयनीच्या सासूचो रगडो. तुम्ही तिका तिच्या जागेर बसाक देवा."

अध्यक्ष बोर्डावरच्या कापडाकडे बघत होते. माई पदराने तोंड झाकून उभी होती, ती रडत होती की हसत होती ते मला आजही माहीत नाही. मग मसुऱ्याचा थोरला भाऊ पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता.

"मगे आमचा काय?" तो म्हणाला. "मी बांध सोडलंय तो कशार?"

धाकटा त्याच्या बाजूला उभा होता तो एक पाऊल सरकला. अकरा वर्षांचं भांडण मी दोघांच्या मधे पुन्हा आणून ठेवलं, हे मला त्या एका पावलात दिसलं. तरी हात मी काढला नाही.

आबांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बाबल, वीस वर्सां तू खोटा बोल्लंस?"

"व्हय."

"कोणी इचारल्यान तरी कबूल होवक नाय?"

"नाय."

"आणि आज ह्येच्यात हात घातलंस आणि सगळा भडभडान खरां बोल्लंस?"

"व्हय."

आबा गर्दीकडे वळले. "मगे ह्येच्याहून मोठी परचिती आणखी काय व्हयी?"

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली. आबांचं वाक्य संपलं की असं म्हणायची सवयच असते. पण एकदा म्हणून झाल्यावर सगळ्यांना ते पटलं. मसुऱ्याच्या धाकट्याने थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला. अध्यक्षांनी मोठा श्वास घेतला. मी वीस वर्षांत त्या दगडाबद्दल एवढी चांगली गोष्ट रचू शकलो नव्हतो.

मी हरलो होतो. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"आबानू, धोंडो खरो?"

शेवंती वयनी गर्दीतून वाट काढत पुढे आली. डोक्यावर पाटी असल्यामुळे लोकांनी वाट दिली.

"खरो, गो," आबा म्हणाले.

"ह्येच्यात हात घालून बाबलान आता सांगल्यान तां पण खरां?"

आबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. बहुधा वाक्य पुढे कुठे जातंय ते त्यांना दिसत होतं. "खरां म्हणूकच व्हया."

"मगे धोंडो माझ्या सासूचो. देव असलो तरी माझ्या घरचो. आता सांग, माझी पाटी खंय ठेवू?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने कठड्याच्या आत पाटी उतरवली, नव्या फरशीवर गोणपाट टाकलं आणि बसली. अध्यक्ष काहीतरी बोलणार होते. आबांनी हात वर केला आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

सगळ्या राखणदारांची नावं झाली. शेवटी आबा म्हणाले, "शेवंतीच्या सासूचो जो धोंडो हयसर आसा, तेची राखण कर, म्हाराजा. तेच्या बाजूक जी म्हातारी बसता, तिच्या पाटीची पण राखण कर. आणि ह्या बाबलान जी काय वाकडी वाट धरली होती, ती सरळ करून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोनशे माणसं म्हणाली. मीही म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला एकच हात मोकळा होता.

वयनी आता गाऱ्हाण्यात आली होती. तिला तिथून आता कोणी उठवू शकत नव्हतं. समितीने बोर्डावरचा मजकूर तसाच ठेवला, फक्त खाली एक ओळ वाढवली, 'शेजारी ताजी मासळी मिळेल.' 

गर्दी पांगल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने खळग्यात पाणी ओतलं होतं आणि कोयता धूत होती. कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच इतकं हलकं वाटत होतं, की काहीतरी बोलावं म्हणून बोललो. "वयनी, तुझ्या सासूचो रगडो कधी फुटलो गो?"

"खंयचो रगडो?"

"ह्यो."

"सासूचो रगडो घरात आसा," ती म्हणाली. "कालच तेच्यात वाटप काढलंय. चांगलो आसा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. "मगे ह्यो कोणाचो?"

"माका काय म्हायत? मी लगीन होवन इलंय तेव्हा ह्यो हयसरच होतो."

"मगे तू माका असां कित्याक सांगलंस? मी हात घालून..."

तिने कोयता उन्हात धरून धार बघितली. "तू वीस वर्सां सांगलंस," ती म्हणाली. "मी एकदाच सांगलंय."

मी खळग्याकडे बघत होतो आणि मला सांगलीकडचा तो पाथरवट आठवला. एकाच बाजूनं झिजलंय, म्हणाला होता. रगडा तर सगळीकडून सारखा झिजतो. पुढे काय म्हणणार होता कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाशिकचे बारा जण घेऊन मी जेटीवर गेलो. समुद्र शांत होता, वारा मंद. बाराही जणांना होडीत चढवलं. मग मी एक पाय होडीत टाकला. ती गोष्ट मीच रचलेली आहे, गॅस संपला म्हणून रचलेली आहे, तिच्यातला एक शब्दही खरा नाही, हे जगात माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नाही. पण काल त्या खळग्यात हात घालून मी सांगितलेलं एक वाक्य खोटं निघालं होतं. होडीवाल्याने हात पुढे केला. मी पाय मागे घेतला आणि म्हटलं, "आज गुडघा दुखतोय."

तो दिवस आणि आजचा दिवस. किल्ला आता माझ्याऐवजी एक निवृत्त मास्तर दाखवतात, बाजारफेरीही तेच करतात. ते दगडापाशी उभे राहून एका खोटारड्या गाइडची गोष्ट सांगतात. बरी सांगतात. मी कोपऱ्यावर उभा राहून ऐकतो आणि मग वयनीकडून बांगडे घेतो.

ती मासे कापता कापता रोज विचारते, "बाबल, किल्ल्यार कधी जातंस?"

"गुडघो दुखता, वयनी."

ती कोयता बाजूला ठेवते आणि खळग्याकडे बोट दाखवते. "हयसर हात घालून सांग."

मी बांगडे घेतो आणि घरी येतो.